हणमंतानं माझ्याकडून पाठ करून घेतलं

हणमंता गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे: आता माझ्या कॉम्प्युटरचं कसं होणार?

लाज वाटते सांगायला. पण आज वर्ष झालं, म्हणून सांगून टाकतो.

हणमंता माझा विद्यार्थी. माण तालुक्यातून इस्लामपूरला मामाकडे शिकायला आलेला. गणितात हुशार, कविता पाठ करण्यात शून्य. चौथ्या ओळीला हमखास अडकायचा आणि न सांगताच हात पुढे करायचा.

मी छडी मारायचो. तेव्हा मारायचो आम्ही.

पुढे तो सैन्यात गेला, संदेशयंत्रणा सांभाळणाऱ्या सिग्नल विभागात. सुभेदार होऊन परत आला आणि एसटी स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मी निवृत्त झालो ते एक वेड घेऊन. आमच्या शाळेच्या हस्तलिखितात मुलांनी तीस वर्षं लिहिलेल्या कविता टाइप करायच्या. हरवलेल्या शेळीवरच्या, बाबांच्या पलटणीवरच्या. एका मुलीनं तर साखर कारखान्याच्या भोंग्यावर लिहिली होती.

सगळ्या टाइप झाल्या. मूळ वह्या बाइंडिंगसाठी सांगलीत दिल्या, आणि त्या महापुरात गेल्या.

उरलं ते फक्त या जुन्या मशीनमध्ये. तेही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी.

म्हणजे मशीन चाललं तरच कविता.

आणि मशीन लय हळू झालं.

हणमंता आला, बघितलं, हसला.

"सर, ह्येच्या पोटात एका कवितेचं पहिलं कडवं वाईत, दुसरं शिरवळला, तिसरं थेट दहिवडीला. ह्ये बिचारं एसटीनं हिंडून गोळा करतंय. उशीर न्हाई व्हायचा?"

"मग रे?"

"सगळी कडवी एका गावात आणून बसवायची. डीफ्रॅग म्हंत्यात त्याला."

स्क्रीनवर लाल रेघा होत्या. हळूहळू त्या निळ्या होऊ लागल्या. मी तासभर बघत बसलो. मधल्या सुट्टीत पांगलेली पोरं घंटेनंतर आपापल्या रांगेत येऊन उभी राहावीत, तसं वाटत होतं.

मग दर अमावस्येला तो यायचा. "अमावस्येला बैल जुपत न्हाईत न्हवं? मग ह्यालाबी त्या दिवशी दुसरं काम द्यायचं न्हाई."

एका अमावस्येला तो मशीन डीफ्रॅगला लावून गेला. मला दुपारी कराडला लग्नाला जायचं होतं.

घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, ही माझी चाळीस वर्षांची सवय.

परत आलो. मशीन सुरूच होईना. काळा स्क्रीन, वर दोन ओळी इंग्रजी.

हणमंता धावत आला. "मेन बंद क्येला व्हय, सर?"

"बाहेर जाताना करतोच की रे."

"आवं, मशीन सामान हलवत हुतं, आन् तुमी घराला कुलूप घातलंसा!"

मी खुर्चीत बसलो. तीस वर्षांची पोरं मी एका बोटानं पुसली होती.

तो म्हणाला, "हात पुढं करा, सर."

मी खरंच केला. मारलंच असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं तळहातावर पेनड्राइव्ह ठेवला.

"सकाळीच नक्कल काढून ठ्येवली हुती. फॉन्टसकट. दोन दिसांत मशीन उभं करतो. पण आता तुमी पाठ करायचं. लिहून न्हाई मिळायचं."

आणि या गड्यानं, ज्याला आयुष्यात कविता पाठ झाली नाही, स्वतः रचून म्हटलं:

आधी नक्कल, मगच सफाई,
जागा बघा, करू नका घाई,
बटण दाबा, बसा निवांत,
मेनला हात लावायचा न्हाई.

दर अमावस्येला माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. मी मुद्दाम चौथ्या ओळीला अडकायचो.

"सर, हात पुढं."

मी हात पुढे करायचो. त्यावर लिमलेटची गोळी यायची.

गेला तोही अमावस्येलाच. दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. हाल झाले नाहीत, एवढं समाधान.

त्यानंतर वर्षभर मी डीफ्रॅगला हात लावला नाही. चुकलो तर पुन्हा उभं करणारा कोण? ते इतकं हळू झालं की एक कविता उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. पेनड्राइव्हवर नक्कल होती, पण मशीन बंद पडलं तर ती उघडून देणार कोण, या भीतीनं झोप उडालेली.

आज त्याचं वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर त्याच्या बायकोनं, सुनंदानं विचारलं, "सर, आज अमावस्या. मशीनचं बघितलंसा का?"

"एकट्यानं कसं करू, बाई?"

"पाठ हाय न्हवं तुमाला? आमचं ह्ये मला सांगायचं, सर मुद्दाम अडकत्यात, गोळीसाठी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

घरी आलो. मोठ्यानं म्हणत म्हणत एकेक केलं. नक्कल काढली. जुन्या दिवाळीच्या शुभेच्छा डिलीट केल्या. जागा पुरेशी आहे का बघितली. बटण दाबलं. मेन स्विचखाली खुर्ची ओढली आणि तिच्यावर राखणीला स्वतःच बसलो.

दिवेलागणीला लाल रेघा संपल्या.

भोंग्याची कविता उघडली. बोट उचलायच्या आत उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळी एका गावात.

वर्षभरात आज पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

हणमंता, चारही ओळी म्हटल्या रे. चौथीसुद्धा. न अडकता.

आता तू निवांत बस. तुझ्या सरांचा तुला नमस्कार.