ऊन पाण्यात उतरलेली माई

शिरगावचा कृष्णकांत चुरी आरोग्य केंद्रात हिवतापाचा कर्मचारी होता. सायकलवरून पाडे फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गोळ्या देऊन पुढे निघायचं. अंग तापलं की काहीतरी बिघडलं, एवढंच त्याला वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

त्याची आई, माई, चौऱ्याऐंशी साली विसरायला लागली. आधी नावं गेली, मग वार. जन्मभर पानवेली जपलेल्या त्या बाईनं एका सकाळी तण समजून अर्धा वाफा उपटून टाकला. सून सुलू धावत गेली, तर माई तिलाच म्हणाली, "तू कुणाची गं? आमच्या वाडीत काय करतेस?"

सुलूनं तिचे मातीचे हात धुतले. "हात बघा हो यांचे," ती नवऱ्याला म्हणाली, "बर्फागत गार आहेत."

कृष्णकांतनं सवयीनं थर्मामीटर लावला. पारा पंचाण्णवाच्या वर चढेना. त्यानं झटकून पुन्हा लावला, पुन्हा पंचाण्णव. त्या दिवसापासून तो रोज सकाळ-दुपार आईचं अंग मोजून वहीत लिहू लागला. महिन्याभरात त्याला एक गोष्ट दिसली. ज्या दुपारी पारा सत्त्याण्णवापर्यंत जाई, त्या दुपारी माई माणसांत असे.

केंद्रातल्या डॉक्टरांनी वही शांतपणे चाळली. "म्हातारपणी अंग गार पडतंच, कृष्णकांत. त्याचा विसरण्याशी संबंध असेलही, नसेलही. मला खरंच माहीत नाही."

कृष्णकांतची झोप उडाली होती ती निराळ्याच कारणानं. माईची आईही अशीच सगळं विसरून गेली होती. आजी, मग आई. पुढचा नंबर कुणाचा, हे कुणी सांगायला नको होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावर त्याला भागी भेटली. नदीकाठी ऊन पाण्याचे झरे होते, त्यांच्या शेजारीच तिची झोपडी. म्हातारी ऐंशीच्या पुढची. तिनं त्याला लांबूनच ओळखलं.

"तीन पावसांमागं आलतास तू. तवा बुधीच्या पोराला ताप हुता, गोमाला हुता, तानीला नव्हता, तरी तू तिचंबी बोट टोचलंस!"

कृष्णकांतनं पिशवीतली जुनी यादी काढून पाहिली. बुधीचा मुलगा, गोमा, तानी. तानीच्या रक्तात काही सापडलं नव्हतं.

"आजी, एवढं ध्यानात कसं राहतं?"

"काय जानू! रोज सकाळी पान्यात बसतां, आंग ऊन व्हतं, डोकं मोकळं व्हतं. आमची आयबी बसायची. शेवटपर्यंत समद्यांना नावानं हाका मारायची."

त्यानं तिचंही अंग मोजलं. पाण्यात उतरण्याआधी शहाण्णव, बाहेर आल्यावर शंभराच्या वर. ताप नव्हता, आजार नव्हता. म्हातारी घामानं निथळत हसत बसली होती. ज्या आकड्यावर तो आजवर गोळी देत आला, तोच आकडा इथं आनंदात बसलेला पाहून तो कितीतरी वेळ उठलाच नाही.

कृष्णकांतनं माईला त्या झऱ्यांवर न्यायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं. "पाणी सोसवेल इतपतच, आणि दहा मिनिटांच्या वर नको," असं बजावून त्यांनी परवानगी दिली. रविवारी शेजारच्या दिनानाथचा चिकू वाहणारा टेम्पो रिकामा असे. त्यात गादी टाकून कृष्णकांत आणि सुलू माईला घेऊन निघाले.

वाफाळतं पाणी पाहून माई रडायला लागली. भागी लुगड्यासकट कडेच्या कोमट पाण्यात उतरली आणि तिनं हात पुढे केला. "ये बाय. मी हाय ना."

माई त्या अनोळखी हाताला धरून उतरली. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला, मुठी सुटल्या. मग ती भागीला पानवेल कशी बांधायची ते सांगू लागली: गाठ सैल हवी, केळीच्या सुक्या सोपटाची हवी, वेल वाढली की गाठ सरकली पाहिजे. एक पायरी चुकली नाही. सुलू काठावर तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.

चौथ्या रविवारी टेम्पो थांबायच्या आत माईनं हाक मारली, "भागी, ए भागी!"

कृष्णकांतनं चमकून आईकडे पाहिलं. जुनं आठवणं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण जी बाई रोज समोर वावरणाऱ्या सुनेचं नाव हरवून बसली होती, तिनं तीन आठवड्यांपूर्वी भेटलेल्या बाईचं नाव नव्यानं धरून ठेवलं होतं.

माई बरी झाली नाही. सुलूचं नाव तिला पुन्हा कधी सापडलं नाही, पण ती सुलूला घाबरायची थांबली. घरी सुलू रोज संध्याकाळी ऊन पाण्याच्या घमेल्यात तिचे पाय बुडवून बसवी, आणि तेवढा वेळ दोघी गप्पा मारत. अशी सहा वर्षं गेली. नव्वद साली माई झोपेतच गेली.

कृष्णकांतनं वही डॉक्टरांना दिली. त्यांनी ती पानन् पान वाचली. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या झऱ्यांना जायचा रस्ता कुठून आहे?"

पुढच्या रविवारी टेम्पोत शिरगावची पाच म्हातारी माणसं होती, आणि शेवटच्या जागेवर, अजून पन्नाशीही न गाठलेला कृष्णकांत.