भावोजींची म्यानं

माझे मोठे दीर मुंबईत प्लॅस्टिकच्या कारखान्यात होते. निवृत्त होऊन पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत आले ते सगळ्यांना सुधारायलाच. पहिली नजर गेली सासूबाईंच्या कोयत्यावर. उघडं पातं कमरेला लावून रानात जायचं म्हणजे अडाणीपणा, असं त्यांचं मत पडलं. महाडहून ते जाड प्लॅस्टिकची शीट घेऊन आले आणि म्यान बनवायला बसले.

मोबाईलवर एक व्हिडिओ त्यांनी निम्मा पाहिला होता. उरलेला पाहायची त्यांना गरज वाटली नाही, कारण कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. पातं तापवलं की प्लॅस्टिक आतून आपोआप आकार घेईल, असं आम्हाला समजावत त्यांनी कोयता गॅसवर धरला. पातं निळसर होईपर्यंत धरला. मग त्यावर शीट दाबली. घरभर असा वास सुटला की आम्ही अंगणात येऊन उभ्या राहिलो. वितळलेलं प्लॅस्टिक पात्याला चिकटलं, ते खरवडायला संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी करवंदीच्या जाळीवर पहिलाच घाव घातला आणि धार कागदासारखी दुमडली. त्यांनी पातं निरखून पाहिलं.

"तापवून पाणी उतरलंय याचं. आता भेंडी पन कापायची नाय यानं."

भावोजी म्हणाले, लोखंडच हलकं होतं.

नवा कोयता आला. भावोजी शीटचा दुसरा तुकडा कापू लागले, तेव्हा मी तोच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यातला माणूस पातं आगीजवळही नेत नव्हता. मी पात्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर दिले, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत आणि कोयता आत अडकणारही नाही. शीट तेवढी जुन्या तव्यावर मंद आचेवर ठेवली. ती ओल्या पापडासारखी लवली, तशी थंड पात्यावर दुमडली. वरखाली जुन्या गादीचे तुकडे आणि फळ्या ठेवल्या. वजन म्हणून सासूबाई वर बसल्या आणि शीट थंड होईस्तोवर त्यांनी भावोजींच्या कारखान्याबद्दल बरंच विचारून घेतलं. भावोजी परसात निघून गेले.

मग मी दोन्ही कडा रिबीट मारून जोडल्या, टोकाशी पाणी निथळायला भोक ठेवलं. कोयता टक्‌ करून बसला, सहज निघाला. धार जशीच्या तशी. मला इतका आनंद झाला की कोयता मी चारपाचदा उगाच आतबाहेर केला.

शिमग्याला मुंबईकर गावी आले. भावोजींनी ते म्यान स्वतःच्या कमरेला लावलं आणि देवळापुढे 'आमच्या पद्धतीवर' भाषण दिलं. चारपाच जणांनी म्यानं मागितली. घरी आल्यावर मी सांगितलं, "भावोजी, ऑर्डरी तुम्ही घ्या. पण कोणाच्याही पात्याला हात लावायचा नाय."

ते लगेच कबूल झाले. मला वाटतं, त्यांना सुटल्यासारखंच झालं. हल्ली ते ओटीवर फोन घेऊन बसतात. परवा नाते गावाहून एकाने शीट किती वेळ तापवायची म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ते आमचं प्रॉडक्शन डिपार्टमेंट बघतं."

डिपार्टमेंट तेव्हा चुलीशी भाकऱ्या थापत होतं.