तबस्सुमचे तेवीस ओहम

विंचूरच्या बाजारतळामागे निसारभाईंचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. त्यांची नजर अधू झाली तेव्हा लेक तबस्सुम दुकानात बसली आणि गावाला चघळायला विषय मिळाला. बाईच्या हातची मोटर चालेल का, यावर टपरीवर मतं देणाऱ्या निम्म्या लोकांना घरचा फ्यूज बदलता येत नव्हता. तबस्सुम हसून सोडून द्यायची. पण पाटीवर बापाच्या जागी स्वतःचं नाव लिहायचा धीर तिला होत नव्हता.

पाणी तापवायचे हीटर ती स्वतः बनवी. त्यातला एक गोरक्षने नेला आणि आठवड्याने भर बाजाराच्या दिवशी दुकानापुढे येऊन ओरडला, "लिवलंय तेवीसशे वॅट, अन् बादली तापायला तास लागतो! आय गारठली माझी. निसारभाई बसायचे तव्हा असं नव्हतं."

लोक थांबले. तबस्सुमची कानशिलं तापली. हीटर मुकाट्याने परत घेतला तर उद्यापासून कोणी दुकानाची पायरी चढणार नव्हतं.

"चला, तुमच्या घरीच मोजू," ती म्हणाली. "खोटा निघाला तर दुकानाला कुलूप लावते."

तमाशा बघायला चार रिकामटेकडे मागोमाग आलेच.

गोरक्षच्या वस्तीवर तिने हीटर लावला, सोबत आणलेला व्होल्टमीटर पाहिला. एकशे एकसष्ट व्होल्ट. करंट मोजायच्या टाँग टेस्टरचा चिमटा वायरीभोवती धरला. सात अँपिअर. मग कोळशाने भिंतीवर आकडे लिहिले.

"एकशे एकसष्टला सातने भागा. तेवीस ओहम. कॉईलचा रोध मी भरली तेव्हाही तेवढाच होता, म्हणजे हीटर खरा. आता तेच दोन आकडे गुणा. अकराशे सत्तावीस वॅट."

"म्हंजी निम्मंच! मी तेच म्हणतोय ना!" गोरक्षला आनंद मावेना.

"भाऊ, व्होल्ट पडले की अँपिअरही पडतात, वॅट दोन्हीकडून मार खातात. दोनशे तीस द्या, दहा अँपिअर घेईल आणि पुरे तेवीसशे वॅट देईल. तुमच्याकडचे एकोणसत्तर व्होल्ट कोण खातंय?"

"ट्रान्स्फॉर्मरची डीपी लांब हाय," गोरक्ष एकदम नरम पडला.

आल्या आल्याच तबस्सुमने विहिरीकडची घरघर ऐकली होती. पण ती सांगायची गरज पडली नाही. गोरक्षची आई कुसाबाई तडक गोठ्यामागे गेली आणि पोत्याखालचा खटका तिने पाडला. घरघर थांबली. मीटर दोनशे तिसावर गेला, टेस्टर दहावर.

विहिरीवरच्या मोटरीला लागणारी थ्री फेज वीज दिवसा नसते, तरी कंडेन्सर लावून एकाच फेजवर मोटर पळवायची, हा वस्तीवरचा गुपचूप उद्योग. रिकामटेकडे चौघेही आभाळ न्याहाळू लागले, कारण चौघांच्याही विहिरीवर तसाच कंडेन्सर होता.

"अशी चालवाल तर मोटर जळेल," तबस्सुम निघताना म्हणाली.

दहा दिवसांनी गोरक्ष पोत्यात गुंडाळलेली मोटर घेऊन आला.

"कशाने जळली?"

"तुला ठावं हाय की."

"तरी सांगा. त्या दिवशी ओरडलात तेवढ्याच मोठ्यानं."

गोरक्षने रस्त्यावर इकडे तिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओरडला, "हिनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं नाय!"

टपरीवरचे सगळे वळून बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी तबस्सुमने पेंटरला बोलावलं. पाटी तयार झाली तेव्हा निसारभाईंनी जवळ जाऊन लेकीच्या नावावरून बोटं फिरवली. रंग ओला होता. बोटं निळी झाली आणि ती त्यांनी दिवसभर धुतली नाहीत.