मीतानं दिलेला टायर

मानेभंज्याङात कर्णधोज राईची निळी लँड रोव्हर कुणाला ठाऊक नाही? त्याहून जुनी गाडी आमच्या डोंगरात एकच, ती म्हणजे ल्हामू बोजूची, आमच्या सगळ्यांच्या आजीची, जीभ! आणि त्या दिवशी कालीपोखरीच्या खालच्या चढावर या दोघी जुन्या गाड्या एकत्र होत्या. एक पंक्चर होऊन आडवी उभी, दुसरी तिच्या शेजारी दगडावर बसून अखंड चालू.

"नातवाच्या लग्नाला निघालेय मी कर्णे, पणतवाच्या बारशाला नाही. आवर!"

कर्णधोज काय आवरणार? स्टेपनी सकाळीच खाली बदलून झालेली. आता हे चाक उघडून पंक्चर काढल्याशिवाय सुटका नव्हती. उरलीसुरली हवा सोडली, चाक आडवं पाडलं, पण टायरची कड रिमला अशी घट्ट धरून बसलेली, की जळूनं पोटरी धरावी. दगडधोंड्यांसाठी बनवलेला जाड टायर तो, वर थंडीनं लाकूड झालेला. कर्णधोजनं टाचेनं दाबला, घणानं ठोकला, दोन्ही पायांनी वर उड्या मारल्या. टायर म्हणतोय, नाचा बाबांनो.

"बायकोपुढं कधी इतका नाचला नाहीस," बोजू म्हणाली.

कर्णधोज हसला, पण जरासाच. सुनमाया जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं.

आता हा टायर कुठला, ते सांगायलाच हवं. हा त्याच्या मीतानं दिलेला. मीत म्हणजे देवासमोर टिळा लावून जोडलेला भाऊ. सख्खा भाऊ वाटणी मागेल, मीत मागत नाही. मीत मेला तर सुतक धरायचं. आणि जिवंत आहे तोवर त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, नुसतं 'मीत' म्हणायचं. तर या मीतानं, पदमलाल छेत्रीनं, गेल्या वर्षी भर स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर हा टायर, रिमवर चढवून, हवा भरून, कर्णधोजच्या पायाशी आणून ठेवला. "नवाकोरा आहे. मीताकडून घेतात का काही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढल्याच महिन्यात ड्रायव्हरांनी पदमलालला आपला पुढारी केला. असा दिलदार माणूस सोडून दुसऱ्या कुणाला करणार?

कर्णधोज साबण कालवत होता तेवढ्यात वरून पदमलालचीच गाडी उतरली. रस्ता अडलेला, म्हणून थांबली.

"काय झालं मीत?" असं म्हणत तो उतरला आणि चाक पाहून जागीच थबकला. "अरे, हा उघडताय? हा नका उघडू! कंपनीतनंच घट्ट बसवून येतो. माझी स्टेपनी घ्या."

"आणि खालच्या वळणावर तुमचं चाक बसलं तर? या उतारावर तुम्हाला बिनस्टेपनीचं पाठवू? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मीत, ऐका माझं. हात सोलून घ्याल."

"सोलू देत. तुमचाच टायर आहे, परका आहे का?"

कर्णधोजला भरून आलं होतं. बघा ना, लग्नाच्या घाईत सापडलेल्या म्हातारीपेक्षा या माणसाला मीताच्या हातांची काळजी! त्यानं कडेला साबणाचं पाणी सोडलं. मग टायरची कड गाडीच्या पुढच्या लोखंडाखाली सरकवली, मध्ये जॅक उभा केला आणि फिरवत राहिला. गाडीचा भार कडेवर आला. टायर कुरकुरला, कण्हला आणि फट्‌ आवाज करून रिमपासून सुटला. पुढं दोन लोखंडी टॉम्या खुपसून, एक पायानं धरून, दुसरी वीतवीत सरकवत त्यानं कड वर काढली, ट्यूब ओढली.

"खिळा बघू का मी?" बोजू म्हणाली.

"थांब बोजू, बोट कापेल," असं म्हणत त्यानं स्वतःच आत हात फिरवला. खिळा नव्हता. हाताला एक जाड गठ्ठा लागला. आत रबराचा तुकडा चिकटवलेला. त्याच्या कडेनं घासूनच ट्यूब फाटली होती. तुकडा उपटला, तर खाली टायरला बोटभर चीर.

आणि तुकड्याची पाठ निळी. निळ्यावर पांढरे ठिपके.

गाडी रंगवून उरलेल्या रंगानं सुनमायेनं एक जुना टायर रंगवला होता, काडीनं ठिपके दिले होते आणि त्यात झेंडू लावला होता. ती गेल्यावर त्याच झेंडूची माळ तिच्या फोटोला पडायची. मग तिहारच्या, म्हणजे आमच्या दिवाळीच्या तोंडावर कुंडी चोरीला गेली. माती आणि रोपं अंगणात उपडी. याच पदमलालनं टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर अख्खा उतार धुंडाळला होता. चोराच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. "दूधवाला पासाङ पहाटे येतो, त्याच्याशिवाय कोण?" हेही तोच म्हणाला होता. तेव्हापासून कर्णधोजनं पासाङचं दूध बंद केलं. वर्षभर काळा चहा प्यायला.

कर्णधोजनं तुकडा वर धरला. पदमलाल रस्त्याकडे बघू लागला.

"जुनीच कुंडी होती," तो शेवटी म्हणाला. "टायर चांगला दिसायला हवा होता. निवडणूक तोंडावर... मीत, दुसरी आणून देणार होतो."

"देणार होतास म्हणे," बोजू पुटपुटली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प झाली.

पदमलालनं लगबगीनं स्वतःची स्टेपनी काढून आणली. कर्णधोजनं तिला हात लावला नाही. त्यानं ट्यूबला ठिगळ लावलं, निळ्या तुकड्याच्या कडा कानशीनं घासल्या, फुंकर घातली आणि तो होता तिथंच परत बसवला. हवा भरून चाक चढवलं. बोजूला हात देऊन वर बसवलं, स्टिअरिंगवर बसला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"पदमलाल," तो म्हणाला, "गाडी मागं घे."

डोंगरात कुणी कुणाला आईवरून शिवी दिली असती, तरी एवढी लागली नसती. पदमलालचा चेहरा उतरला. गाडी त्यानं मागं घेतली.

बोजू वेळेत पोचली, लग्नात नाचलीसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पासाङनं दार उघडलं, तर बाहेर कर्णधोज रिकामी किटली धरून उभा. त्यानं ती पुढं केली. पासाङनं ती घेतली. किटली भरली, वर आणखी थोडं ओतलं, तेवढंच.