नवव्या पंगतीच्या फळ्या

थॉमसिन नानकिव्हेलच्या घराचा उंबरा इतका पांढरा असे की चॅपलचे प्रवचनकारसुद्धा त्यावर पाय ठेवण्याआधी आपले बूट बघून घेत. हा उंबरा तिकडचा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका खाणीच्या गावातला. आमच्या मूंट्यात, म्हणजे इथं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या खाणगावात, अजूनही कोणाची फरशी कोरडी ठणठणीत दिसली की म्हातारी माणसं म्हणतात, "काय गं, थॉमसिनच्या हाताखाली शिकलीस वाटतं?" पण थॉमसिन स्वतः कुठे शिकली, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. ती शिकली समुद्रावर, आणि शिकताना तिचा जीव अर्धा झाला.

लग्नाआधी ती खाणीच्या तोंडाशी उभी राहून हातोड्यानं तांब्याचे दगड फोडायची. तिचा नवरा डिगरी चारचौघांत सांगे, "मी कुठली मागणी घालतोय! हिचे दंड बघून घाबरून हो म्हणालो." पुढे खाणीतलं तांबं आटलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाला खाणकामाची माणसं हवी होती आणि जहाजाचं भाडं सरकार भरत होतं. डिगरीनं अर्ज केला. तेव्हा थॉमसिनच्या कडेवर सात महिन्यांचा झॅकी होता. त्याच्या आधीची दोन तिनं चॅपलमागच्या मातीत ठेवली होती.

"तान्हं पोर घेऊन चार महिने समुद्रावर?" गावातल्या बायका म्हणाल्या. "अगं, तान्ही टिकत नाहीत तिथं. कापडात शिवून पाण्यात सोडतात."

थॉमसिननं कोणाशी वाद घातला नाही. मनाशी एवढंच ठरवलं की हे पोर मी पलीकडे उतरवणार. आणि पोर जगवायचं तर काय करायचं, याचं तिला एकच उत्तर ठाऊक होतं. घासायचं.

जहाजाचं नाव 'लेडी मॉर्वेना'. वरच्या डेकच्या खाली एक लांबलचक मजला. त्यात पुढे एकटे पुरुष, मागे कुलपाच्या दाराआड एकट्या मुली आणि त्यांच्यावर करड्या नजरेची एक मेट्रन, आणि मधे सगळे संसारवाले. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या दुमजली खाटा, मधे जेवायचं टेबल. आठ मोठी माणसं मिळून एक पंगत, पंगतीचा एक पुढारी. त्यानं मांस, बिस्किटं, पीठ मोजून आणायचं आणि पुडिंगच्या पिशवीला पंगतीच्या आकड्याचा पत्रा बांधून ती उकळायला द्यायची. नवव्या पंगतीनं डिगरीला पुढारी निवडलं. म्हणजे थॉमसिनलाच.

शेजारी दहावी पंगत. तिथं केझाया बोलिथो. साठी उलटलेली, पण पाच धट्ट्याकट्ट्या मुलांबरोबर येतेय म्हणून सरकारनं तिलाही घेतलं होतं. ती सगळ्यांचीच केझायामावशी. तोंड असं की खलाशीसुद्धा वाट बदलत.

या सगळ्यांवर हुकूम चाले तो डॉक्टर लॉरिमरांचा. उंच, हाडकुळे, लाल नाकाचे स्कॉटिश गृहस्थ. रोज सकाळी अंथरुणं वर डेकवर न्यायची, खाटांच्या फळ्या उचलायच्या आणि फळ्या, जमीन, सगळं कोरड्या वाळूनं अन् दगडानं घासायचं. खाली पाण्याचा थेंब सांडायचा नाही. "ओल म्हणजे आजार," असं ते पहिल्याच दिवशी टेबलावर मूठ आपटून म्हणाले.

"पाण्याशिवाय घासायचं!" थॉमसिन म्हणाली. "मावशी, हा माणूस तोंडही वाळूनंच धूत असणार."

"म्हणूनच नाकाची सालं निघालीत गं," केझायामावशी म्हणाली.

थॉमसिननं डॉक्टरांचं ऐकलं, पण तिच्या पद्धतीनं. सगळे अंथरुणं घेऊन वर गेले की ती केर काढायच्या निमित्तानं मागं राही. एक बादली समुद्राचं पाणी, ब्रश, आणि दगड फोडलेले ते दंड. फळ्या अशा निघत की त्यावर कणीक मळावी. मग ती वरून कोरडी वाळू फिरवी, झाडून टाकी, आणि साडेदहाला डॉक्टर फेरीला आले की हात बांधून उभी राही.

दर शनिवारी सगळ्यात स्वच्छ पंगतीला डॉक्टर बेदाण्यांचा पुडा देत. तो सलग चार शनिवार नवव्या पंगतीला मिळाला. थॉमसिनची मान अशी ताठ की पुडिंग खातानाही खाली वाकेना.

"राणीसरकार निजायला येणार आहेत का गं तुझ्या खाटेवर?" केझायामावशी विचारी.

"येऊ देत की. तुझ्याकडे आल्या तर उभ्यानं रात्र काढतील."

उन्हाच्या पट्ट्यात सगळं छान वाळत होतं. मग जहाज दक्षिणेकडे वळलं, आकाश शिशाच्या रंगाचं झालं, वरची झाकणं लाटांपायी बंद ठेवावी लागली. आणि एका सकाळी झॅकी खोकला. पोराचा साधा खोकला नव्हे. कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा. दुपारपर्यंत अंग तापलं. दुसऱ्या दिवशी त्याच पंगतीतली दोन पोरं आणखी खोकू लागली.

थॉमसिननं काय केलं असेल? आणखी घासलं. रोज एकदा घासत होती, ती दोनदा घासू लागली.

तिसऱ्या दिवशी झॅकीच्या छातीत प्रत्येक श्वासाला खळगा पडू लागला. डॉक्टरांनी त्याला उचलून दवाखान्याच्या खोलीत नेलं, किटलीची वाफ लावली. मग ते परत खाली आले आणि नवव्या पंगतीच्या फळ्यांपुढे गुडघ्यांवर बसले.

"मला हे कळतच नाही," ते डिगरीला म्हणाले. "सगळ्यात स्वच्छ खाटा या. शेजारी दहाव्या पंगतीत धूळ आहे, पण तिथली पोरं ठणठणीत."

"धूळ आमच्यात पोरांना बाळसं यावं म्हणून खाऊ घालतात, डॉक्टरसाहेब," केझायामावशी म्हणाली, पण या वेळी कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी गादी उलटली. खालच्या बाजूनं ती गार आणि चिंब होती. त्यांनी फळीवर बोट फिरवून जिभेला लावलं.

"खारट," ते म्हणाले. "समुद्र आत येतोय. सुताराला बोलवा. ही बाजू उघडून गळती शोधावी लागेल. अशा वादळात दोन-तीन दिवस लागतील, पण ओल थांबली नाही तर ती पोरं मी परत इथं निजवू शकत नाही. आणि दवाखान्यात जागा दोनच."

सुतार हत्यारं घेऊन आला. नवव्या पंगतीचे सगळे उभे. थॉमसिन त्या फळीकडे बघत होती. पांढरीशुभ्र. तिनंच केलेली. उन्हात वाळलेली दिसली तरी मीठ आत बसलं होतं, आणि मीठ दमट हवेत पाणी सोडतं हे कॉर्नवॉलच्या कोणत्या बाईला ठाऊक नसतं? मासे खारवताना तिनं जन्मभर तेच पाहिलं होतं. फक्त फळ्यांच्या बाबतीत तिला ते सुचलं नव्हतं, कारण फळ्या पांढऱ्या दिसत होत्या आणि शनिवारी बेदाणे मिळत होते.

गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. सुतारानं दोन-तीन दिवस भिंत उघडली असती, गळती सापडली नसती. पण ओल तशीच राहिली असती, आणि झॅकीला परत त्याच फळ्यांवर निजावं लागलं असतं.

"सुताराला जाऊ द्या," ती म्हणाली. "जहाज गळत नाही. मीच पाणी ओतलंय. रोज. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर गुडघे झाडत उठले. "बाई," ते म्हणाले, "जहाजाला भोक न पाडता समुद्र आत आणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय."

"माझं मूल आहे त्यात, डॉक्टरसाहेब. काय बोलायचं ते नंतर बोला. आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. फळ्या काढायच्या, गोड्या पाण्यानं मीठ उतरवायचं, आणि स्वयंपाकघरातल्या चुलीच्या उबेला वाळवायच्या. पण गोडं पाणी माणशी मोजून मिळे. त्यातच चहा, त्यातच तहान. कप्तान जास्तीचा थेंब देईना. थॉमसिननं आपल्या वाटचं दिवसभराचं पाणी बादलीत ओतलं. तळ जेमतेम भिजला. डिगरीनं आपलं ओतलं. मग पंगतीतली बाकी माणसं एकेक करून पुढं आली. जिच्या पोरांना तिच्यामुळे खोकला झाला होता, ती आईसुद्धा आली आणि पाणी ओतून गेली. ते थॉमसिनला सगळ्यात जड गेलं.

शेवटी केझायामावशी आपल्या पाचही मुलांना हाकत आली.

"ओता रे," ती म्हणाली. "आज आमच्याकडे चहा नाही. आणि तू रडू नकोस गं. आणखी खारट पाणी नको त्या फळ्यांवर."

दोन दिवस नववी आणि दहावी पंगत कोरडी बिस्किटं चावत राहिली. पुरुषांनी फळ्या धुतल्या, खरवडल्या, स्वयंपाक्याच्या शिव्या खात चुलीजवळ पाळीपाळीनं धरल्या. एक फळी थोडी जळली. थॉमसिन किटलीपाशी झॅकीला उभं धरून बसली होती. आडवा केला की त्याचा श्वास अडे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या छातीतला तो खळगा पडायचा थांबला. दुपारी त्यानं दूध ओढलं. डॉक्टरांनी कान लावून ऐकलं, आणि लाल नाक रुमालानं जोरात शिंकरलं.

दुसरी दोन पोरंही सावरली.

बेदाण्यांचा पुडा अर्थातच गेला. उरलेले सगळे शनिवार तो दहाव्या पंगतीनं खाल्ला, आणि प्रत्येक बेदाणा थॉमसिनला दाखवून खाल्ला. पण डॉक्टर रोज साडेदहाच्या फेरीला तिला बरोबर नेऊ लागले. "ओल कुठं लपते हे या जहाजावर तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही," ते म्हणाले. ती फळी उचलायची, तिला गाल लावायची. गालाला गार लागली की म्हणायची, "ही वर न्या." आधी लोक हसले. मग बायका स्वतःच गाल लावून बघू लागल्या. एकट्या मुलींच्या खोलीत मेट्रनसुद्धा वाकून गाल लावताना दिसली म्हणतात. ते मात्र मला जरा जास्तच वाटतं.

त्यानंतर 'लेडी मॉर्वेना'वर एकही पोर पाण्यात सोडावं लागलं नाही.

पोर्ट ॲडलेडला सरकारी अंमलदार चढला. एकेका पंगतीला पुढं बोलावून तो यादीवर खुणा करत होता. नववी पंगत आली. त्यानं मोठी माणसं मोजली, मुलं मोजली आणि यादीतल्या शेवटच्या नावापाशी थबकला. तान्ह्यांच्या नावांपुढे त्याला बहुतेक वेळा 'उतरलं'ऐवजी 'वारलं' लिहावं लागे.

"झकरायस नानकिव्हेल, तान्हं," त्यानं हळूच विचारलं. "याचं काय झालं?"

थॉमसिननं झॅकीला दोन्ही हातांनी त्याच्या नाकासमोर उचललं. अकरा महिन्यांचं ते धूड अंमलदाराची टोपी ओढू लागलं.

"उतरतोय," ती म्हणाली. "ठळक अक्षरात लिहा."