सीटखालचा साबण

"सांगू नका," असं म्हणून मिस्त्री हात आडवा करत. गिऱ्हाइकानं गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडलं, की हा हात ठरलेला. "तुमाला कळत असतं तर हितं कशाला आला असता?"

न्हावऱ्याच्या चौकातून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर त्यांचं गॅरेज होतं. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याच्याकडं जाणं नको वाटतं आणि गेल्याशिवाय चालत नाही. एकदा म्हणे एक बागायतदार काम झाल्यावर त्यांना चहाला बोलवत होता. मिस्त्री म्हणाले, "चहा राहू द्या. आधी ब्रेक दाबायला शिका." तो माणूस परत फिरकणार नाही, असं मला वाटलं. पंधरा दिवसांनी त्याची गाडी पुन्हा तिथंच उभी होती.

मला ते मुळीच आवडत नसत.

दोन हजार एक-दोनची गोष्ट असेल. मी शिरूरहून न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात शाळेवर जात असे. हे सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर होते. ते मोटारसायकलनं जात, मी आमच्या जुन्या गाडीनं. बरोबर शाळेतल्या काळेबाई असत. पेट्रोल परवडेना म्हणून ह्यांनी गाडीला गॅसची जोडणी करून आणली होती. डिकीत स्वयंपाकाचा लाल सिलिंडर, तिथून मागच्या सीटखालून इंजिनापर्यंत नळी. बेकायदा होतं, पण तेव्हा पुष्कळांच्या गाड्या अशाच चालत.

थंडीत काचा बंद झाल्या आणि गाडीत वास येऊ लागला. कधी येई, कधी नाही. शिरूरच्या एका मेकॅनिकनं उंदीर मेला असेल म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं पेट्रोलचा वास ठरवला. हे म्हणाले, "तुझ्या नाकात स्वयंपाकघर बसलंय." एके सकाळी काळेबाईंना गाडीतच उलटी झाली. माझंही डोकं जड झालं होतं. जवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गाडी मिस्त्रींच्या दारात घेतली.

"गाडीत वास..." एवढंच मी म्हणाले. हात आडवा झाला.

त्यांनी आम्हाला रस्त्यावर उभं केलं. इंजिन बंद ठेवून सिलिंडरचा कॉक उघडला आणि काचा चढवून एकटे आत बसले. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि ते अवजड शरीर दोन सीटांच्या मधे घालून नाक थेट पायपुसण्याला टेकवलं. पाय दाराबाहेर लोंबत होते. काळेबाईंना त्या अवस्थेतही हसू आलं.

"ग्यास जड असतो, खाली बसतो," आतून आवाज आला. "तुम्ही वर हुंगत बसलाय."

मग कॉक बंद करून त्यांनी मागचं सीट उपसून काढलं. नळीच्या सांध्यावर निळ्या साबणाचा गोळा थापलेला होता. वाळून त्याला भेगा गेल्या होत्या.

"हे कुणी लावलं?"

मला माहीत नव्हतं. पण साबण मी ओळखला. आमच्या मोरीत धुण्याच्या दगडावर तोच असे.

"गळती ठाऊक असल्याबिगर कुणी साबण लावत न्हाई," म्हणून मिस्त्रींनी चावी खिशात टाकली. "मालकाला बोलवा."

मी बूथवरून फोन केला. दुपारी हे तणतणतच आले.

"चावी द्या."

"साबण तुम्ही लावला?"

"तात्पुरता लावला होता. तेवढ्यानं काय होतंय? सगळेच चालवतात."

मिस्त्रींनी सिलिंडर आधीच काढून लांब नेऊन ठेवला होता. आता त्यांनी करवत उचलली आणि आमच्या डोळ्यांदेखत नळी कापली. ह्यांनी त्यांची कॉलर धरली. "माझ्या गाडीला हात लावायचा तुला काय अधिकार?" चौकातली माणसं गोळा झाली.

मिस्त्रींनी कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "गाडी ह्या बाई चालवत्यात," ते म्हणाले. "तुम्ही मोटारसायकलीवर जाता."

ह्यांचा हात खाली आला.

मी पेट्रोलवर गाडी घरी आणली. दोन-तीन आठवडे आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं," हे एकदा म्हणाले. ह्यांचा राग होताच, पण खरं सांगायचं तर मिस्त्रींचा जास्त होता. ते वाक्य त्यांनी मला एकटीला सांगायचं होतं. चौकासमोर का?

नंतर चार वर्षं मी त्या गॅरेजसमोरून रोज गेले, थांबले नाही. मिस्त्री मात्र गाडी दिसली की हातातलं काम थांबवून बघत आणि मान खाली घालत. मला तो उद्धटपणा वाटे. एकदा काळेबाई म्हणाल्या, "अहो, ते आपल्याला नाही बघत. काचा बघतात. बंद दिसल्या की वास नाही, असं धरत असतील." तरीही मी थांबले नाही.

एका सोमवारी गॅरेजचं शटर बंद दिसलं. बाहेर बाकांवर, टायरांवर माणसं गप्प बसली होती. तेव्हा थांबले. दौंडहून आलेले त्यांचे थोरले भाऊ पुढं आले. "काल गेला. छातीत कळ आली," ते म्हणाले. "तुम्ही कोण?"

"गिऱ्हाईक. म्हणजे, एकदाच आले होते."

"भांडण झालं हुतं का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग बसा," बाकावर सरकून जागा करत ते म्हणाले. "हितं बसल्याली समदी भांडल्यालीच हायत."

मी बसले.