शुभदाच्या नावानं

मी घातलेले बूट दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला एका पाटावर ठेवले होते. क्लबचा शिपाई तांब्यातून त्यांच्यावर गोमूत्र शिंपडत होता.

बूट म्हणजे स्पाइक्स. धावायचे, तळव्याला खिळे असलेले. मुलींसाठी क्लबकडं असा एकच जोड होता. आदल्या दिवशी तहसीलच्या स्पर्धेत ड्रिल मास्तरांनी तो मला घालायला दिला. मी आठशे मीटरची शर्यत जिंकले. क्लबला ढाल मिळाली. ती ढालही मीच हातात धरून आणली होती. पण ढाल कुणी धुतली नाही. ती थेट ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेली.

क्लबची पोरं-पोरी रांगेत उभी होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. घरात कुणी अंगण झाडताना आपण बघतो ना, तशी ती बघत होती.

सेक्रेटरी माझ्याजवळ आले. ते वकील. सगळा गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचा. कधी आवाज चढवायचे नाहीत.

"मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "शुभदालाही तेच बूट घालायचे असतात. घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या समाधानासाठी करावं लागतं."

शुभदा त्यांची मुलगी. माझ्याच वयाची. वेणीचं टोक चावत ती दुसरीकडं पाहत होती.

मी मान हलवली. म्हणजे बरं म्हटलं. आणि अनवाणीच धावायला लागले. बूट मला त्यानंतर कुणी दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

हे मैदान कसं झालं ते आधी सांगायला पाहिजे.

आमचं गाव नागपूरपासून बसनं तासाभरावर. कोर्ट, शाळा, एक टॉकीज, आठवडी बाजार. गावातल्या मोठ्या घरची पोरं नागपूरला कॉलेजात गेली, तिथल्या स्पर्धा पाहून आली, आणि त्यांनी क्लब काढला. नाल्याकाठची पडीत जमीन मिळवली. तिथल्या बाभळी आमच्याच वस्तीच्या माणसांनी तोडल्या. जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात घोट्याच्या वर चिखल. पोरं पाय मुरगळून घरी जायची. मग कुणीतरी सांगितलं की चांगल्या मैदानावर कोळशाची राख अंथरतात. पाणी जिरतं, पाय घसरत नाही.

राख म्हटल्यावर त्यांना माझा बाप आठवला.

बाबा ठेकेदाराकडं कामाला होता. विजेच्या कारखान्यातून निघणारी राख ट्रकात भरायची, हे काम. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा तो मायला घेऊन चालत गेला होता. मी तिच्या पोटात होते. बाबा म्हणायचा, ही पोरगी जन्माच्या आधीच इतकी चालली, हिले कोण थांबवते.

वकीलसाहेब वस्तीत आले. विहारासमोर त्यांना खुर्ची टाकली. म्हणाले, मैदान सगळ्यांचं होईल, तुमची मुलंही धावतील. त्यांच्या तोंडून 'सगळ्यांचं' हा शब्द वस्तीनं पहिल्यांदा ऐकला. बाबानं ट्रकवाल्यांना विनवण्या करून राख आणली. अख्खी वस्ती ती पसरायला उतरली. बायांनी घमेली वाहिली. दगडी रूळ ओढायला बैल नव्हते, माणसं जुंपली. वारा सुटला की समोरचा माणूस दिसायचा नाही. माय रात्री केस धुवायची तर पाणी काळं निघायचं. बाबाला खोकला आधीपासून होता. त्या महिन्यात तो वाढला, तो मग उतरलाच नाही.

उद्घाटनाला पुढारी आले. दोरी बांधली होती. दोरीच्या आत खुर्च्या, दोरीच्या बाहेर आम्ही, जमिनीवर. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. मायनं त्याला विचारलं, आपल्याले आतमंधी काहून नाई बसवलं? बाबा म्हणाला, "आत बसून का कराचं हाय? माह्या पोरीले धावाले भेटते, बस झालं."

आणि मला धावायला मिळालं. खरंच मिळालं. ते नाकारत नाही.

पहाटे मैदानावर जायचे. राखेत कोळशाचे बारीक खडे असायचे. तळवे फाटायचे. माय चुलीपाशी बसून सुईनं खडे काढायची आणि शिव्या द्यायची. मला नाही, खड्यांना. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, लग्नाची पोरगी अशी उंडारते, कोण करन हिले? बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. ड्रिल मास्तरांनी मला एकदा धावताना पाहिलं आणि क्लबच्या पोरींत घेतलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस. चांगला माणूस. वकीलसाहेबांपुढं मात्र त्याची शिट्टीही वाजायची नाही.

बूट धुतले त्या वर्षीच जिल्ह्याच्या स्पर्धा नागपूरला होत्या. क्लबमध्ये निवडीची शर्यत झाली. मी अनवाणी धावले आणि पहिली आले. शुभदा माझ्या मागं होती, बरीच मागं. दोन दिवसांनी मास्तरांनी खाली बघत सांगितलं की शुभदा जाणार आहे.

त्याच आठवड्यात बाबा कामावर पडला. तोंडातून रक्त आलं. ठेकेदारानं त्याला राखेच्याच ट्रकात घालून नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात टाकलं. माय सोबत गेली. खाट नव्हती. व्हरांड्यात फरशीवर चादर अंथरून त्याला ठेवलं. निरोप आणणारा म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागून राहिले त्याले.

मला नागपूरला जायचं होतं. बसच्या तिकिटाचीही सोय नव्हती. वकीलसाहेबांनी बोलावून सांगितलं, जीपमधून चल, मुलींचं सामान सांभाळायला कुणीतरी बाई पाहिजे.

जिला मी शर्यतीत हरवलं तिचीच पिशवी उचलायची. मी गेले. बाप फरशीवर पडला असला की माणूस कशालाही हो म्हणतो.

सीताबर्डीला जीप थांबली. पोरी रिबिनी घ्यायला उतरल्या. मी पिशव्या मांडीवर घेऊन बसले. मास्तरांना म्हटलं, मी दवाखान्यात जाऊन येऊ का? ते म्हणाले, स्पर्धा झाल्यावर जा, साहेब रागावतील. पोरी आइसफ्रूट खात परत आल्या. एकीनं माझ्यासाठीही आणलं होतं. ते माझ्या हातावर वितळलं.

मैदानावर पोचलो आणि शुभदाच्या पोटात दुखायला लागलं. खोटं नव्हतं, ती घामानं भिजली होती, उभी राहू शकत नव्हती. आठशे मीटरची शर्यत थोड्या वेळात होती. वकीलसाहेब मला तंबूच्या मागं घेऊन गेले. मास्तर सोबत होते.

"तू धाव," वकीलसाहेब म्हणाले. "नंबर शुभदाचा लाव. नाव पुकारतील तेव्हा हात वर कर. इथं कुणी ओळखत नाही."

मी पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"तुझ्या वडिलांचं कळलं मला. तिथले मोठे डॉक्टर माझ्या परिचयाचे आहेत. संध्याकाळपर्यंत खाट मिळेल."

आवाज तसाच मऊ. बूट धुतानाचा.

मी मास्तरांकडं पाहिलं. ते म्हणाले, "धावून घे बाई. मैदानाले कोनाचं नाव समजते?"

तंबूत शुभदा पडून होती. तिनं छातीवरचा नंबर काढून मला दिला. "तू धाव ना," ती म्हणाली. "मला काही वाटणार नाही."

तिला काही वाटणार नव्हतं. हे वाक्य मी कितीतरी वर्षं दातात अडकल्यासारखं घेऊन फिरले. आजही निघत नाही.

मी नंबर लावला. मी धावणारच होते, खोटं कशाला सांगू. डोळ्यांपुढं फरशी होती, बाबा होता, त्याला ओलांडून जाणारे पाय होते. मला वाटलं, पाय माझे आहेत, नाव काय, नाव कुणाचंही असो. खाट मिळू दे.

रेषेवर गेलो. एक पंच बाई नावं पुकारत होती. शुभदाचं नाव आलं, वकीलसाहेबांच्या आडनावासकट. माझा हात वर जाईना. मी त्याला वर जा म्हणत होते. तो जाईना.

बाईनं पुन्हा पुकारलं. मग जवळ आली, माझ्या छातीवरचा नंबर पाहिला आणि हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शुभदा, कुठं लक्ष आहे बेटा?"

इतक्या मायेनं मला त्या जातीच्या, त्या कपड्यांतल्या कुठल्याही बाईनं तोवर हात लावला नव्हता. आणि तो हात माझ्यासाठी नव्हता. तो शुभदाच्या खांद्यावर होता. मी जिंकले असते तर पाठीवर थापही शुभदालाच मिळाली असती. माझे पाय फाटून ती पुढं गेली असती. आमच्या राखेवर उभं राहून क्लब पुढं गेला तसा.

मी म्हटलं, "मी शुभदा नाई."

माझं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. खांद्यावरचा हात आडनावाला सुटला की त्याआधी, ते मला आठवत नाही. सुटला एवढं खरं.

"निवडीत मी पहिली आली," मी म्हटलं. "मले माह्या नावानं धावू द्या."

बाईनं दुसऱ्या पंचाला बोलावलं. ते दोघं कुजबुजले. वकीलसाहेब तोवर आले होते. हसत म्हणाले, गैरसमज झाला, सामानाची मुलगी आहे, कुणीतरी गमतीनं नंबर लावला असेल. मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर शिट्टीच्या दोरीला गाठ मारत होते.

माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. मला दोरीच्या बाहेर केलं. शर्यत सुटली. मी पाहिली, शेवटपर्यंत पाहिली. जी पहिली आली तिला मी हरवलं असतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. धावणाऱ्याला ते कळतं.

जीपमध्ये मला घेतलं नाही. विचारत विचारत चालत दवाखान्यात गेले. ऊन होतं. डांबर पायाला चिकटत होतं.

बाबा व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून पडला होता. इस्त्रीच्या सदऱ्यातला माझा बाप एवढासा झाला होता. माय पदरानं वारा घालत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल, बरं केलं पोरी. त्यानं डोळे उघडले.

"धावून घेतलं असतं तर का झालं असतं वं?" तो म्हणाला. "खाट भेटली असती."

मग पुन्हा भिंतीकडं वळला.

मी त्याच्या पायाशी बसून राहिले.   तो काही दिवसांनी त्याच फरशीवर गेला. मधल्या दिवसांत माझ्याशी बोलला नाही. दम नव्हता म्हणून की राग होता म्हणून, हे मला कळलं नाही आणि आता कळणार नाही. माय त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मी सहन केलं असतं. तिचं चूप बसणं सहन होत नव्हतं.

पावसाळा संपला. मैदानावरची राख दर पावसात वाहून जायची, दर वर्षी नवी अंथरावी लागायची. वकीलसाहेब वस्तीत आले. विहारासमोर खुर्ची आली. आधी बाबाबद्दल वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, मैदान सगळ्यांचं आहे, यंदाही सगळ्यांनी हातभार लावावा, रोजी मिळेल.

मी उभी राहिले. म्हटलं, "आमच्या वस्तीचा मानूस राख नाई वाहणार."

"तुझ्या वडिलांनी कधी नाही म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

"म्हनूनच म्हनून राहिली."

वस्तीतले म्हातारे मला गप्प बसवायला लागले. दुसऱ्या दिवशी काही माणसं घमेली घेऊन निघालीच. रोजी पाहिजे होती, घरी लेकरं होती. मी नाल्यावरच्या पायवाटेवर आडवी बसले. माणसं थांबली. एकजण म्हणाला, ऊठ वं, पोट आमचं हाय, तुह्या शर्यतीनं ते भरत नाई. त्याचं खोटं नव्हतं. मी उठले नाही.

तेवढ्यात माय आली. मला वाटलं, हाताला धरून घरी नेते. ती माझ्या बाजूला येऊन बसली. पदर डोक्यावर घेतला आणि बसली. बोलली नाही.

तिला ओलांडून कुणी गेलं नाही.

त्या वर्षी मैदानावर राख पडली नाही. पुढच्या वर्षी क्लबनं बाहेरगावाहून मजूर आणले. मैदान पुन्हा झालं, क्लब आहे, ढाली वाढल्या आहेत. शुभदाचं लग्न झालं. मला कुठली ढाल मिळाली नाही. त्या दिवसानंतर मी कुठल्या स्पर्धेत धावले नाही, कारण क्लबशिवाय कुणी उभं करत नव्हतं.

पण नाल्याच्या अलीकडं, आमच्या बाजूच्या भेगाळ जमिनीवर मी वस्तीतल्या पोरींना धावायला लावते. रोज. त्यांच्या आया शिव्या देतात, तरी लावते. त्यांना स्पर्धेला घेऊन जाते, पंचांशी भांडते, कधी परत पाठवतात, पुन्हा घेऊन जाते. पळायचं कसं हे त्यांना फारसं शिकवावं लागत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगते. कुणी म्हटलं दुसरीच्या नावानं धाव, तर धावायचं नाही. पैसे देतो म्हटलं तरी नाही. नोकरी देतो म्हटलं तरी नाही.

बाप मरत असला तरी नाही.

पोरी माझ्याकडं बघत राहतात. मी नजर हलवत नाही.